कोणत्या सालाशी इमान? एका हॉट रॉडच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये १९३० ची फोर्ड मॉडेल ए कूपे उभी आहे. टप तीन इंच कापून बसका केलेला, मडगार्डं काढलेली, इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं. २०१९ ते २०२२ या काळात आम्हा चार-पाच जणांचे बहुतेक शनिवार या गाडीत गेले. मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं शॉप होतं, शाळा सुटली की मी तिथंच. आता इथं मशीन डिझाइनचं काम करतो. या प्रकरणात मी मालकही नव्हतो आणि मुख्य कारागीरही नव्हतो. मापं घेणं, वही ठेवणं आणि भांडण झालं की दोन्ही बाजूंनी साक्षीला उभं राहणं ही माझी कामं.

नावं देत नाही. गाडी ज्यांच्या घरातली त्या बहीण-भावांना थोरली आणि धाकटा म्हणतो. दोघंही साठीच्या आसपासचे. ज्यांच्या गॅरेजात काम झालं ते गृहस्थ ऐंशीला टेकलेले. त्यांना मी ‘मिस्त्री’ म्हणायला लागलो, अर्थ सांगितला, तेव्हापासून ते या हाकेला ओ देतात.

हॉट रॉड काय असते हे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात सुकलेली तळी आहेत, मैलोन्मैल सपाट आणि टणक. १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथं वेग मोजायला जायची. वजन कमी करायचं म्हणून मडगार्डं, बंपर, जे निघेल ते काढून ठेवायचं. मॉडेल ए हलकी आणि मुबलक. १९२८ ते ३१ मध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास बनल्या होत्या. तिचं मूळ चार सिलिंडरचं इंजिन ४० अश्वशक्तीचं. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं, आणि पोरांना हवं ते मिळालं. हलक्या गाडीत मोठं इंजिन, दोन्ही भंगारातून. १९३७ मध्ये शर्यतींना शिस्त लावायला सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. युद्धात म्युरॉकचं तळं लष्कराने घेतलं, मग सगळे एल मिराजला जाऊ लागले. लढाईवरून परतलेल्या पोरांकडे हातात कसब होतं आणि खिशात थोडे पैसे. १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९४९ मध्ये बोनव्हिलच्या मिठागरावर वेगाचा पहिला आठवडा भरला.

या भावंडांच्या वडिलांनी ही कूपे १९५० ते १९५४ मध्ये बांधली. तेव्हा ते विशीतले, विमानाच्या कारखान्यात फिटर. त्यांनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली होती, पेन्सिलीने लिहिलेली. “पुढचे ब्रेक, ४० ची फोर्ड, भंगारातून. ड्रम ठीक, शू नवे.” पुढच्या पानावर, “मर्क्युरीचा क्रँक घेतला. या महिन्यात सिनेमा नाही.” (मर्क्युरी ही फोर्डचीच दुसरी गाडी.) इंजिन फोर्डचं युद्धानंतरचं ५९ए, मुळात २३९ घनइंचाचं. सिलिंडर अष्टमांश इंच जादा रुंद कोरून आणि मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला तेवढी धाव देणारा, क्रँक घालून त्यांनी ते २७६ घनइंचांवर नेलं. डॅशबोर्डवर अजून पितळेची छोटी पट्टी आहे: एल मिराज, १९५२, ताशी ११२ मैल. ती रसेटा टायमिंग असोसिएशनची, कारण जुनी संस्था मुळात उघड्या रोडस्टरांची होती आणि बंद टपाच्या गाड्यांना रसेटावाले उभं करून घ्यायचे.

मग लग्न, मुलं, नोकरी. गाडी कधी चालू, कधी ताडपत्रीखाली. आणि १९८४ मध्ये वडिलांनीच तिची कायापालट केली. जुनं इंजिन काढून शेवरलेचं ३५० घनइंची व्ही-एट, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चासीची पुढची टोकं कापून तिथं मस्टँग २ च्या धर्तीचं स्वतंत्र सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, एसी, करड्या कापडाच्या सीट, बाहेरून मोरपंखी रंग. त्या काळात अशा गाडीला स्ट्रीट रॉड म्हणत, आणि बायकोला शेजारी बसवून दोन-दोन हजार मैल जायला ती खरंच सुखाची होती. जुनं इंजिन आणि १९३९ चा तीन गिअरचा बॉक्स त्यांनी वर्कबेंचखाली तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवला, पुढचा अ‍ॅक्सल छताच्या वाशांना टांगला. मागचा अ‍ॅक्सल विकला. पुढची आडवी पट्टी, म्हणजे क्रॉसमेंबर, कापून टाकली ती भंगारात गेली.

२०१७ मध्ये ते गेले. मृत्युपत्रात गाडी थोरलीच्या नावे होती.

अडचण

पुढच्या वर्षी थोरली गाडी एका मेळाव्याला घेऊन निघाली आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. मिस्त्रींनी गाडी उचलली. डावीकडे, जिथं १९८४ चा पुढचा भाग जुन्या चासीला जोडला होता, तिथं वेल्डिंगच्या अगदी कडेने केसाएवढी काळी रेघ दिसली. बोटाने पुसली तर पुसली जाईना. वायरब्रश मारल्यावर रेघेत गंजाचा तांबूसपणा दिसला, म्हणजे तडा आजचा नव्हता. उजवीकडचा सांधाही बघण्यासारखा नव्हता: वरून मणी सुरेख, आत वितळण पोचलेलंच नाही. वडील फिटर उत्तम होते. हे वेल्डिंग त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं होतं असं वहीवरून दिसतं.

पुढचा भाग कापायलाच हवा, एवढं सगळ्यांना मान्य होतं. कापल्यावर पुढे काय, इथं घर दुभंगलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय धाकट्याचा. सांधा नव्याने नीट करायचा आणि १९८४ ची गाडी आहे तशी ठेवायची. स्वस्त, चार महिन्यांचं काम. त्याचा मुद्दा पैशांचा नव्हताच. तो म्हणाला, “बाबांना हाती लागेल ते चांगलं सामान ते घालत गेले. ५२ मध्येही आणि ८४ मध्येही. तुम्ही त्यांना एका सालात डांबून ठेवताय आणि त्याला इतिहास म्हणताय.”

हे मला तेव्हाही खोडता आलं नाही आणि आजही येत नाही. एल मिराजवरची पोरं जुन्याची भक्त नव्हती. १९३९ मध्ये फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक आणल्याबरोबर दांड्यांचे ब्रेक काढून ते बसवायला सगळे धावले. १९५५ मध्ये शेवरलेचं हलकं व्ही-एट आलं, तेव्हा थोड्याच वर्षांत फोर्डच्या जुन्या व्ही-एटला, म्हणजे फ्लॅटहेडला, कुणी विचारेना. ज्यांना आपण परंपरा म्हणतो ते लोक त्यांच्या दिवसात सगळ्यात नव्या मालाच्या मागे होते.

दुसरा पर्याय गाडी १९३० ची मूळ फोर्ड करायची. यावर मिस्त्रींनी कापलेल्या टपाकडे नुसतं बोट दाखवलं आणि चर्चा संपली.

तिसरा, एका गाडी-व्यापाऱ्याने सुचवलेला: नवी चासी, नवा अ‍ॅक्सल, कॅटलॉगातून मागवलेलं ‘जुन्या धाटणीचं’ सगळं, जुनी फक्त बॉडी. वर्षभरात तयार, विकायला सोपी. आजकाल मॉडेल ए आणि १९३२ च्या पोलादी बॉड्यासुद्धा नव्या छापून मिळतात, त्यामुळे गाडीचा एकही तुकडा ऐंशी वर्षांचा नसताना ती ‘पारंपरिक’ म्हणून मिरवू शकते. त्यात फसवणूक आहे असं नाही, विकणारे सांगूनच विकतात. पण या घरात तसं करायला काही कारण नव्हतं.

चौथा थोरलीचा: वहीतली गाडी परत आणायची. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल घरातच होता. वही होती, अकरा कृष्णधवल फोटो होते.

शेवटी चौथा ठरला. गाडी थोरलीची, हे एक कारण. दुसरं, १९८४ चा भाग कसाही कापायचाच होता. तो वाचवता आला असता तर मी धाकट्याच्या बाजूने मत दिलं असतं. धाकट्यासाठी एक अट घातली गेली: १९८४ चं काढलेलं काहीही टाकायचं नाही, विकायचं नाही. सगळं पेट्यांत, प्रत्येक पेटीवर यादी, कुठला स्क्रू कुठला तेही. चौदा पेट्या झाल्या. धाकटा त्या दिवसानंतर जवळजवळ दीड वर्ष गॅरेजकडे फिरकला नाही.

निर्णय १: तारीख

“जुन्या काळातली गाडी” एवढ्यावर काम सुरू केलं तर गाडीचा चिवडा होतो: १९४० ची चाकं, १९६२ चे दिवे, १९५५ चं स्टिअरिंग. म्हणून पहिल्याच दिवशी एक तारीख धरली, १९५२ चा उन्हाळा, पितळी पट्टीचा. नियम असा की त्या उन्हाळ्यात त्या खोऱ्यातल्या फिटरला पगारात जे मिळालं असतं तेच घालायचं. नियमातला पगाराचा भाग मिस्त्रींचा. ते म्हणाले, नुसतं ‘मिळत होतं का’ विचारलं तर शर्यतवाल्यांचं हॅलिब्रँडचं महागडं डिफरन्शिअलसुद्धा मिळत होतं. या माणसाने सिनेमा सोडून क्रँक घेतला होता, त्याच्या गाडीत ते कुठून आलं?

तारीख तीन महिने टिकली. मग रंगाचा प्रश्न आला. थोरलीच्या आठवणीतली गाडी गडद मरून. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या, आतल्या कोपऱ्यात आम्ही रुपयाएवढ्या जागेवर पाणकागद गोल गोल घासला आणि झाडाच्या वाढीच्या वलयांसारखे थर उघडे पडले: मोरपंखी, करडा प्रायमर, मरून, तांबडा प्रायमर, आणि तळाला फोर्डचा काळपट मूळ रंग. मरून खरा होता. पण वहीत मरूनची नोंद मार्च १९५४ ची. १९५२ च्या उन्हाळ्यात, एल मिराजवर ताशी ११२ मैल धावली तेव्हा, गाडी नुसत्या तांबड्या प्रायमरमध्ये होती.

मिस्त्री म्हणाले प्रायमर. थोरली म्हणाली, मी लहानपणी प्रायमरमध्ये बसून शाळेत गेले नाही. आठवडाभर विचार करून तारीख १९५४ च्या वसंतावर सरकवली. वरवर दोन वर्षांचा फरक. पण तारीख सरकली की तिच्याबरोबर सामानही सरकतं. १९५२ ला दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर होते, १९५४ ला वहीत तीन. (त्यातला ९७ म्हणजे गळ्याचा व्यास, ०.९७ इंच, १९३६ ते ३८ च्या फोर्ड व्ही-एटवर हे कार्ब्युरेटर येत, म्हणून भंगारात ढिगाने मिळत.) कार्ब्युरेटर ज्यावर बसतात ते मॅनिफोल्ड वेगळं, त्यांना जोडणाऱ्या दांड्या वेगळ्या, मागचे दिवे वेगळे. दोन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड आम्ही घेऊन बसलो होतो, ते परत विकावं लागलं. पाणकागद पहिल्या आठवड्यातच घासायला हवा होता.

निर्णय २: चासी

नवी चासी घेणं सोपं होतं, घेतली नाही. मॉडेल एच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर जो नंबर ठोकलेला असे तोच चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या अंगाला, बॉडीखाली झाकला जाईल असा ठोकत. या गाडीच्या कागदांवर तोच नंबर होता. मूळ इंजिन सत्तर वर्षांपूर्वी गेलं. नंबर उरला फक्त चासीवर. चासी बदलली असती तर कागदोपत्री ही गाडी कुठली, हे सांगणारं काही राहिलं नसतं.

वाळवंटाकडच्या एका शेतातून दुसऱ्या मॉडेल एच्या चासीचं पुढचं टोक मिळालं, क्रॉसमेंबरसकट. फोर्डने ते रिव्हेटने बसवलेलं होतं, आम्हीही रिव्हेटच मारले. रिव्हेट लाल करून भोकात घालायचा, एकाने मागून जड लोखंड दाबून धरायचं, दुसऱ्याने हवेचा हातोडा मारायचा. पहिले चार वाकडे बसले, ते ड्रिलने काढले. पाचव्यापासून आवाज बदलला. नीट बसलेला रिव्हेट खणखणत नाही, बदबद वाजतो. तो आवाज मी उद्यमनगरात रोज ऐकायचो आणि तीस वर्षांत विसरलो होतो.

एका ठिकाणी तारखेशी तडजोड केली. १९८४ मध्ये पट्ट्यांच्या आतून पत्रे वेल्ड करून चासी पेटीसारखी बंद केली होती. १९५४ च्या फोटोत ती उघडी दिसते. ते पत्रे ग्राइंडरने काढायला घेतले तर मूळ पट्टीच पातळ होईल, हे पहिल्या सहा इंचांत कळलं. थांबलो. मधल्या भागातले पत्रे आजही तिथं आहेत, आणि गाडीच्या नोंदवहीत तसं लिहून ठेवलंय.

निर्णय ३: इंजिन

फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. हेड म्हणजे चपटं झाकण. रचना साधी आणि स्वस्त, पण तिची एक खोड आहे: जळलेला वायू व्हॉल्व्हपासून गाडीच्या बाहेरच्या अंगाला जायला ब्लॉकमधूनच, पाण्याच्या पोकळीतून वाट काढतो. एका बाजूला चार सिलिंडर, तोंडं तीनच; मधले दोघं एका तोंडातून बाहेर पडतात. म्हणजे जे पाणी इंजिन थंड करायला ठेवलंय ते आधी धुराच्या नळ्याच थंड करत बसतं. म्हणून फ्लॅटहेड तापतं, आणि तापून तापून व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी तडकतं.

हा ब्लॉकही तडकलेला होता. चुंबकीय चाचणीत भुकटी तीन रेघांवर जमली. दोन छोट्या होत्या, तिसरी व्हॉल्व्हच्या बैठकीपासून थेट सिलिंडरमध्ये उतरलेली. पर्याय होता दुसरा ५९ए ब्लॉक घेण्याचा. पण दुसरा ब्लॉक निरोगी निघेल याची खात्री कोण देणार?

मी कोल्हापूरला बाबांना फोन लावला, फोटो पाठवले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वेल्डिंगवाल्याकडे नेला नाहीस ना?” म्हटलं नाही. “मग ठीक. बिडाला आच लावलीस की ते शेजारी फाटतं. टाके घाल.” टाके म्हणजे तड्याच्या रेघेवर एकाला एक खेटून भोकं पाडायची, आटे काढायचे, पिना पिळून बसवायच्या, वरचं डोकं मोडून घासून सपाट करायचं. आच कुठंच नाही. इथंही हे काम करणारे आहेत. दोन तड्यांना टाके पडले, तिसऱ्याला नवी बैठक आणि सिलिंडरला आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह. हवेच्या दाबाने चाचणी केली, गळती नाही. दुसऱ्या ब्लॉकपेक्षा खर्च जास्त झाला, आणि थोरलीने तो आधी विचारून मग मान्य केला होता.

इथं आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली, आणि तिचा वाटेकरी मी आहे. ब्लॉक रसायनाच्या टाकीत उकळून आला, बाहेरून चांदीसारखा. आम्ही तो स्वच्छ मानला. जुलै २०२१ मध्ये पहिल्यांदा गाडी घेऊन व्हॅन नाइज बुलेवार्डवर गेलो, जिथं एकेकाळी पोरं बुधवारी रात्री गाड्या मिरवायची, आणि तिसऱ्या सिग्नलला रेडिएटरने कारंजं उडवलं. पंप बदलले, थर्मोस्टॅट बदलले, पंखा बदलला. सहा आठवडे गेले. शेवटी इंजिन पुन्हा उतरवून वाकवलेली तार आणि दाबाचं पाणी पोकळीत घातलं, तेव्हा बाहेर आली वाळू. ओतकामात पोकळी राखायला आत ठेवतात त्या साच्याची, म्हणजे कोअरची वाळू, गंजाबरोबर दगड झालेली, आणि कोअर उभा ठेवणाऱ्या तारेचे दोन तुकडे. पत्र्याच्या डब्यात भरली तर तळ झाकून वर दोन बोटं. ती फोर्डच्या फाउंड्रीतून निघाली तेव्हापासून तिथं बसली होती. फाउंड्रीच्या गल्लीत वाढलेल्या माणसाने हे आधी ओळखायला हवं होतं. बाबांना सांगितलं तर ते हसले आणि फोन आईकडे दिला.

निर्णय ४: कुठं इतिहास सोडायचा

ब्रेकचा मास्टर सिलिंडर १९५४ मध्ये एकेरी. एक वॉशर गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकन गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर सर्रास आला तो १९६७ पासून. मिस्त्री एकेरीच्या बाजूने. स्वतःच्या गाडीत त्यांनी तोच ठेवलाय. थोरलीने विचारलं, “माझा नातू शेजारी बसणार आहे, घालू?” दुहेरी बसवला, फळीखाली, बाहेरून दिसत नाही. नोंदवहीत लिहिला.

सीटबेल्टची मला धास्ती होती, पण वहीनेच सोडवलं. १९५१ च्या पानावर “विमानाचा पट्टा, सरप्लस” अशी ओळ निघाली. तळ्यावर धावायला पट्टा लागायचा आणि युद्धानंतर विमानांचे पट्टे स्वस्त मिळत. त्याच धाटणीचे नवे घेतले.

रंग जुन्या लॅकरचा मारता आला नाही. इथल्या हवेच्या नियमांत रंगवाला तो फवारू शकत नाही. आजचा रंग मारून चकाकी हाताने घासून उतरवली. खोटा गंज, मुद्दाम सोलवटलेला रंग असल्या सूचना दोघा-तिघांनी केल्या. मिस्त्री एवढंच म्हणाले, “आमच्याकडे पैसे नव्हते, साबण होता.”

वायरिंग सहा व्होल्टचंच, धन टोक चासीला, फोर्ड १९५५ पर्यंत करायची तसं. त्यातही एकदा आपटलो. दुकानातली आजची बॅटरी-केबल लावली आणि गरम इंजिन पुन्हा चालू होईना; स्टार्टर म्हातारा झाल्यासारखा फिरायचा. तेवढ्याच शक्तीला अर्ध्या व्होल्टेजवर दुप्पट करंट लागतो, आणि आजची केबल बारा व्होल्टच्या हिशेबाने बारीक. अंगठ्याएवढी जाड केबल घातल्यावर एका झटक्यात सुरू.

परिणाम

अठरा महिने धरले होते, चौतीस लागले. महामारीचे महिने त्यात आले, पण सगळं तिच्यावर ढकलणार नाही. मॅनिफोल्डची अदलाबदल आणि वाळू मिळूनच पाच-सहा महिने गेले. गाडी आता चालते. ताशी ५५ मैलांवर खूश, ६५ वर नाखूश. जुन्या बांधणीचे टायर रस्त्यावरच्या खाचा शोधत फिरतात आणि थोरलीला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी ती गाडी काढत नाही. तिच्या वडिलांनी १९८४ मध्ये जे बदललं ते का बदललं, हे तिला आता पाठीतून कळतं, असं ती म्हणते.

आज वेगळं काय केलं असतं

काही गोष्टी वर आल्याच. तारीख ठरवण्याआधी रंगाचे थर बघितले असते. ब्लॉक उकळून आल्यावर पोकळीत तार घातली असती. चासीच्या पत्र्यांना ग्राइंडर लावण्याआधी पट्टीची जाडी मोजली असती.

१९८४ ची गाडी मोडण्याआधी तिचे नीट फोटो, मापं, आवाजाचं रेकॉर्डिंग घ्यायला हवं होतं. पेट्यांत सामान आहे. पण ती गाडी रस्त्यावर कशी दिसायची, दार लागताना कसं वाजायचं, हे पेटीत मावत नाही. १९५४ च्या अकरा फोटोंसाठी आम्ही भिंग घेऊन बसलो, आणि डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या गाडीचे मोजून नऊ फोटो काढले, तेही फोनवर, घाईत.

आणि धाकट्याला विचारायला हवं होतं. तो विरोधात होता म्हणून त्याच्याकडे काय आहे हे कुणी विचारलंच नाही. गाडी पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “चाकं चुकलीत.” चाकं आम्ही काळी रंगवली होती, कृष्णधवल फोटोत सावलीमुळे ती गडद दिसत होती आणि वहीत नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने कोडाक्रोमची एक रंगीत स्लाइड आणली, पुठ्ठ्याच्या चौकटीवर १९५५ लिहिलेली. आईच्या सामानातून त्याच्याकडे आली होती. घरासमोर मरून कूपे, पायरीवर आई, आणि चाकं सायीच्या रंगाची.

थोरलीने रंगवाल्याला फोन करायला घेतला तर तो म्हणाला, राहू दे, मी करतो. पाणकागद मागितला, मिस्त्रींच्या गॅरेजातला कोपरा मागितला. रविवारी येतो, एकटाच काम करतो, फारसं बोलत नाही. हे लिहीपर्यंत चारातली दोन झालीत.